सातवं नाही

मंगळवारच्या यादीत पाच कामं होती. मोहाडीला तहसीलमधून फेरफाराची नक्कल, बँकेत केवायसी, चष्म्याची काडी, आंधळगावला मावसबहिणीकडे द्यायचा डबा. पाचवं सगळ्यात खाली होतं, बाकीच्या चारांपेक्षा बारीक अक्षरात. बोर्डाचा मजकूर तपासणे.

पहिली चार दीड वाजेपर्यंत उरकली. मी कामं उरवत नाही. पाचव्यासाठी मात्र आंधळगावच्या फाट्यावर चहा घेतला, मग दुसरा घेतला, आणि शेवटी ऑटोवाल्यानंच विचारलं, "मॅडम, जाचं आहे का नाही?"

जायचं होतं. आमच्या गावच्या देवळाच्या समितीचा सचिव नरेश आठवडाभर फोन करत होता. नवा सभामंडप बांधताना जुना संगमरवरी बोर्ड फुटला होता. आता ग्रॅनाइटवर कोरायचा होता. "मजकूर तुमच्या हातचा आहे म्हणते सारे. एकदा नजर घाला, मॅडम. दगडावर गेल्यावर खोडता येत नाही."

ते मला माहीत होतं.

आमचं देऊळ गावात नाही, तलावाखालच्या धानाच्या बांधीत आहे. ऑटोतून पाय खाली टाकला आणि तो वास आला. चिखलाचा म्हणावा तर नुसत्या चिखलाचा नव्हे. पाण्याखाली कुजणारं गवत, उपटलेल्या पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, ओली मुळं, उन्हानं कोमट झालेलं उथळ पाणी, असं सगळं मिळून. रोवणी आठवड्यापूर्वी सरली असावी. रोपं अजून पिवळी होती, पाय धरत होती. मी चाळीस वर्षांत पुष्कळ गोष्टींच्या याद्या केल्या, पण हा वास कुठल्या यादीत घालायचा ते कधी कळलं नाही.

आमच्या लहानपणी इथं सागाचे चार खांब होते आणि वर कवेलूचं छप्पर. भिंती नव्हत्या. मधोमध, चिखलातच, वाकलीमाय. नऊ-दहा वर्षांच्या पोरीएवढा काळा दगड, कंबरेतून वाकलेला. धान रोवणाऱ्या बाईची पाठ दुरून दिसते, तसा. तिला तोंड नव्हतं. असलंच तर ते खाली होतं, चिखलाकडे. पावसाचं पाणी बांधीत भरलं की तिच्या पायाशीही भरायचं आणि बेडूक तिच्या सावलीत येऊन बसायचे.

आता टाइल्स आहेत, स्टीलचा कठडा आहे. आणि दगडाच्या पाठीवर चांदीचा मुखवटा बसवला आहे. लोकांना दर्शनाला डोळे लागतात.

रोवणीच्या शेवटच्या दिवशी मायची गोष्ट सांगायची, अशी आमच्याकडची रीत होती. शेवटची बांधी या देवळापुढची. तिथं रोपांची शेवटची पेंडी रोवायच्या आधी सगळ्या बाया होत्या तिथंच उभ्या राहायच्या, गुडघ्यापर्यंत पाण्यात, खताच्या पिशवीची खोळ डोक्यावर घेऊन. पाय धुतलेल्या बाईला गोष्टीत जागा नसे. धुऱ्यावर, कोरड्या बांधावर, उभं राहून ऐकणाऱ्या पाहुण्या बायांनाही भीमाकाकू खाली ओढायची. "उतर व, चिखल काही चावत नाही. तुयापरीस त्यालेच जास्त भेव आहे."

गोष्ट सांगायचा मान गिरजामावशीचा. ती कोणाचीच सख्खी मावशी नव्हती, साऱ्या गावाची होती. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी, आणि दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवत गेलेलं आयुष्य. उंच, वाळकी, आवाज मात्र तलावाच्या पाळीपलीकडे जाणारा. ती गोष्ट सांगायची ती चुकवून. सात ठिकाणी मुद्दाम खोटं सांगायची. त्या प्रत्येक ठिकाणी एकेका बाईनं "नाही!" म्हणून तिला अडवायचं आणि खरं काय ते सांगायचं. सात खोटी, सात नाही, सात जणी. जिची नाही तिचीच. दुसरीचं तोंड त्या ठिकाणी उघडायचं नाही, आणि सांगणारीनं आपलं खोटं आपण मोडायचं नाही.

"लय वर्सं झाले," ती सुरू करायची. "या बांधीत वीस बाया रोवत होत्या."

"नाही!" भीमाकाकू कमरेवर हात ठेवून. "एकवीस. वीस आपल्या, अन् एक कोणाची कोणाले माहीत नाही."

"हो व माय, तुयंच खरं. एकवीस. उन्ह मस्त पडलं होतं."

"नाही! झड लागली होती. सात दिसाची."

"तुयंच खरं. तं ते एकविसावी बाई. कोण व तू, कोणत्या गावची, असं इचारलं तं बोले ना. नुसती रोवे. हातात हिरवा चुडा होता, कोपरापर्यंत."

हे माझं ठिकाण. मोठ्या काकीच्या पाठीचं दुखणं वाढलं आणि तिनं रोवणी सोडली, तेव्हा तिनं माझ्या मुठीत पऱ्हे ठेवून सांगितलं होतं, "आजपासून माई नाही तुई." मी नऊ वर्षांची होते. दरवर्षी त्या ठिकाणाच्या दोन वाक्यं आधीपासून मी माझे शब्द मनात घोळवायची.

"नाही," मी म्हणायची. "हात रिकामे होते."

"काय म्हणतं? आईकू नाही आलं."

"हात रिकामे होते!"

"हो व माय, तुयंच खरं. दुपारी धुऱ्यावर बसून साऱ्यायनं पुरणाच्या पोळ्या खाल्ल्या."

इथं हशा पिकायचा. "नाही! पेज अन् अंबाडीची भाजी."

"अन् भाजीत मीठ कमी होतं," मागून कोणीतरी.

"ते गोष्टीत नाही व, ते तुया घरचं आहे."

मग गोष्ट संध्याकाळकडे वळायची आणि बाया आपोआप गप्प व्हायच्या. दिवस बुडायला आला. बाया म्हणाल्या, चाल व बाई, आमच्यासंग चाल. ती म्हणाली, माई ओळ राहिली, तुमी व्हा पुढं. बाया निघाल्या. पाळीच्या वळणावरून त्यांनी तिला हाक मारली. कोणीच ओ दिली नाही. ("नाही! दिली. आली, आली म्हणली.") सकाळी येऊन पाहतात तर बांधी तशीच उघडी पडलेली. ("नाही! धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत रोवलेली होती. एक ओळ सोडून.") आणि त्या ओळीत, चिखलात, हा वाकलेला दगड. पुढ्यात मूठभर पऱ्हे.

"तिचं काम सरलं होतं," गिरजामावशी म्हणायची. "मंग माय निंगून गेली."

हे सातवं खोटं. ही नाही तिच्या मुलीची, दुर्पताची. आणि दुर्पता मुद्दाम उशीर करायची. हातातली पेंडी पाण्यात खळबळून धुवायची, पदर खोचायची, आभाळाकडे पाहायची. आम्ही सगळ्या ताटकळत. आई वाकलेल्या दगडापाशी उभी, मुलीकडे पाहत.

"बोल ना व. पाय गारठले माये."

"बोलतो ना. घाई कायची हाये?" आणि मग, एकदम हळू, ओरडून नाही, "नाही गेली. इथंच हाये. तिची ओळ राहिली."

"हो व माय," गिरजामावशी म्हणायची. "तुयंच खरं."

बाकी सहा जणींना ती हे हसत म्हणायची. दुर्पताला हसत नसे.

दुर्पता माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. शाळा तिनं चौथीनंतर सोडली होती, पण मला रोवायला तिनंच शिकवलं. बोटांत रोपाची मान कशी धरायची, अंगठ्यानं चिखलात किती दाबायचं, मागं सरकताना टाच आधी का टाकायची. माझ्या ओळी तिच्यापेक्षा सरळ यायच्या. त्यावर ती म्हणायची, "वहीवानी रोवतं तू. धान काही शाईनं पिकत नाही." तिच्या केसांना टोरीच्या, मोहाच्या बियांच्या, तेलाचा जड, गोडसर वास असायचा. दिवाळीच्या पुढं तलावातले शिंगाडे निघाले की ती नखानं एकेक सोलून अख्खा पांढरा गर माझ्या तळहातावर ठेवायची आणि फुटलेले तुकडे आपण खायची. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. कितीतरी वर्षांनी, ऑफिसात डबा खाताना, उगाच लक्षात आलं.

तिचं लग्न वैशाखात झालं, नाकाडोंगरीकडच्या एका गावात. गावाबाहेर लग्न होऊन जाणारी मुलगी आपली नाही कोणाला तरी देऊन जायची. हळदीच्या दिवशी भीमाकाकूनं पऱ्हे नाहीत म्हणून गवताचीच मूठ तिच्यापुढं धरली. "दे कोणाले तं. हे पोरगी आहे, हिले दे." हे पोरगी म्हणजे मी.

दुर्पतानं मूठ मिटूनच घेतली. "कायले देऊ? मी काय मरून राहिली का? रोवणी सराले आली का येतोच मी. माई नाही मीच म्हणीन."

"हळदीच्या अंगानं असं बोलू नोको व."

"मंग मांगू नोका."

पहिल्या वर्षी ती आली. बस उशिरा आली म्हणून गिरजामावशीनं शेवटची बांधी दोन तास अडवून धरली होती. मालक धुऱ्यावरून ओरडत होता, बाया उगाच चिखल तुडवत उभ्या होत्या. दुर्पता पाळीच्या वळणावरून पळत आली, नव्या साडीत, आणि साडीसकट बांधीत उतरली. भीमाकाकू म्हणाली, "सासू मारन ना व तुले." ती म्हणाली, "धुऊन नेईन." आणि त्या वर्षी तिनं नाही म्हणायला नेहमीपेक्षाही जास्त उशीर केला. आता वाटतं, तिला ते संपवायचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आषाढात दुर्पता गेल्याचा निरोप आला. ताप म्हणाले. मी विचारलं नाही आणि कोणी जास्त सांगितलंही नाही. गिरजामावशी नाकाडोंगरीला जाऊन आली आणि चौथ्या दिवशी रोवणीला उभी राहिली. पऱ्हे थांबत नाहीत.

शेवटच्या दिवशी तिनं गोष्ट सांगितली. सांगू नका, असं कोणालाच म्हणवलं नाही. आम्ही सहा जणींनी आपापल्या नाही म्हटल्या. पुरणाच्या पोळीला कोणी हसलं नाही. मग ते ठिकाण आलं. "मंग माय निंगून गेली," ती म्हणाली, आणि थांबली. पाळीच्या वळणाकडे पाहत थांबली. दुर्पता उशीर करायचीच. आम्ही सगळ्या खाली पाण्यात पाहत होतो. माझ्या पायाच्या बोटांमधून काहीतरी वळवळत गेलं, तरी मी पाय हलवला नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला वेळ सांगता येतो, बहुतेक नेहमी. शेवटी गिरजामावशी वाकली आणि तिनं शेवटची पेंडी रोवायला घेतली.

ऐंशी साल उलटल्यावर गावात समिती झाली. सिमेंटचं देऊळ ठरलं आणि देवळावर मायच्या गोष्टीचा संगमरवरी बोर्ड ठरला. अक्षर चांगलं आणि कामाला पक्की म्हणून मजकूर लिहायचं माझ्यावर आलं. मी अकरावीत होते. मला फार आनंद झाला. आधी यादी केली. सहा नावं, सहा घरं. माझं सोडून पाच घरी गेले आणि जिची नाही तिच्या तोंडून वदवून घेतली, म्हणजे पुढं कोणाची तक्रार नको.

भीमाकाकू म्हणाली, "माई नाही लिहिशील तं मायं नाव बी लिही. निस्तं देवीचंच कायले?"

"बोर्ड लहान आहे, काकू."

"मंग मोठा घ्या म्हणाव. एवढ्या बाया हायेत तं."

मग गिरजामावशीकडे गेले. दुपार होती. ती अंगणात सुपातले तांदूळ निवडत होती. मी रेघांची वही उघडली. तिनं गोष्ट सांगायला सुरुवात केली, नेहमीसारखी, खोट्यासकट. प्रत्येक खोट्याला तिचा हात सुपात थांबायचा. मी वहीतूनच वाचून दाखवायची, "भीमाकाकू म्हणते, एकवीस." तिचा हात पुन्हा चालू. माझी नाही मी स्वतः म्हटली. सहा झाल्या. सहा ठिकाणी मी खरं ते लिहिलं, सरळ, सुवाच्य.

"मंग माय निंगून गेली," ती म्हणाली. हात थांबला.

मी पेन धरून बसले. खरं काय ते मला ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं. दुर्पताचं नाव माझ्या यादीत नव्हतं, कारण यादी घरांची होती. मी विचारलं, "मावशी, इथं काय लिहू?"

तिनं सुपातला एक खडा उचलला, पाहिला, दूर टाकला.

"म्या सांगतलं ते लिही."

"पण ते तर..."

"तुई नाही हाये का ते?"

"नाही."

"मंग? जे मी बोलली ते लिही."

मी लिहिलं. "त्यानंतर माय निघून गेली." पूर्णविराम दिला.

बोर्ड लागला. पुढच्या रोवणीला आम्ही सगळ्या चिखलात उभ्या राहिलो आणि समितीनं लाउडस्पीकरवर गोष्ट वाचून घेतली. शुद्ध, न थांबता. एकवीस बाया, सात दिवसांची झड, रिकामे हात, पेज आणि अंबाडीची भाजी, सगळं बरोबर. अडवायला जागाच नव्हती. भीमाकाकूनं सवयीनं कमरेवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि मिटलं. पाच मिनिटांत संपलं. सहा जणींची नाही मी एका दुपारी वहीत संपवून टाकली होती. फक्त शेवटची ओळ खोटी उरली होती, आणि ती अडवणारी नव्हती. लाउडस्पीकर तिथं थांबलाही नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी निम्म्या बाया पाय धुऊन घरी गेल्या. मग गोष्ट बंदच झाली. "बोर्डावर हाये ना सारं," लोक म्हणायचे. "सांगाचं कायले?" गिरजामावशीनं मला कधी बोल लावला नाही. रस्त्यात भेटली की विचारायची, "अभ्यास करून राहिली ना?" मी म्हणायची, हो. ते तिनं ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दशक सरता सरता मी भंडाऱ्याला नोकरीला लागले होते. श्रावणात गावी आले तेव्हा कळलं, गिरजामावशी उठत नाही. भेटायला गेले. खाटेवर ती एवढीशी झाली होती. आवाज गेला होता. पाळीपलीकडे जाणारा आवाज आता उशीच्या पलीकडे जात नव्हता. दाराबाहेर बाया रोवणीहून परतत होत्या, त्यांच्या ओल्या पायांचा फटफट आवाज येत होता.

"सरली का रोवणी?" तिनं विचारलं.

"आज सरली, मावशी."

मग तिनं गोष्ट सुरू केली. वीस बाया रोवत होत्या. मी म्हटलं, एकवीस. माझी नव्हती ती, भीमाकाकू तोवर गेलेली होती, पण जाताना मला देऊन गेली होती. उन्ह, झड. चुडा. माझी मी म्हटली. "तुयंच खरं," ती ओठांनी म्हणाली. मधली तीन तिनं स्वतःच सोडून दिली, दम नव्हता. आणि शेवटी आली.

"मंग माय निंगून गेली."

ती थांबली. आधी दाराकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मला नियम ठाऊक होता. जिची नाही तिचीच. दुर्पतानं ती मला दिली नव्हती. मूठ मिटून घेतली होती, हळदीच्या दिवशी, सगळ्यांसमोर. मी नियम पाळणारी. मी तिचा हात धरून बसले आणि बोलले नाही. ती पाहत राहिली. किती वेळ ते इथंही मला सांगता येत नाही. मग तिनं डोळे मिटले. दोन दिवसांनी गेली.

ती मुलीसाठी थांबली होती, की त्या क्षणी कोणाच्याही तोंडून चाललं असतं तिला, हे मी तेव्हापासून ठरवते आहे. प्रत्येक गोष्टीचे दोन रकाने करायची माझी सवय आहे. याचेही केले आहेत. दोन्ही रकाने भरलेले आहेत आणि खाली बेरीज होत नाही.

आज देवळात नरेशनं कागद माझ्यापुढं ठेवला. दोन ऱ्हस्व-दीर्घ, एक सुटलेला अनुस्वार. लाल पेनानं दुरुस्त केले. तो माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"एक शंका आहे, मॅडम. शेवटी 'माय निघून गेली' असं आहे. मंग देऊळ कोणाचं? पोरं इचारते नं. खोडून टाकू का ते ओळ?"

"नको."

"पण गेली का नाही गेली?"

मी पेनाचं टोपण लावलं. "पोरं विचारतात ना? विचारू द्या. ओळ तशीच कोरा."

"चूक असली तरी?"

"चूक असली तरी."

त्याला ते पटलं नाही, पण मजकूर माझ्या हातचा होता. कारागिराला फोन करायला तो रस्त्याकडे गेला. त्याचा आवाज पाळीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला, मग गेला.

मी चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या. सलवार वर खोचली. कठड्याच्या बाहेरून, देवळाच्या मागच्या अंगानं, जिथं दगडाचं तोंड असलंच तर असेल त्या बाजूनं, बांधीत उतरले. पाणी कोमट होतं. खाली चिखल गार होता आणि पाय ओळखल्यासारखा त्यानं पाय धरला. रोपं तुडवली जाऊ नयेत म्हणून दोन ओळींच्या मधून गेले, टाच आधी टाकत. इथून चांदीचा मुखवटा दिसत नव्हता. नुसता वाकलेला दगड दिसत होता.

"मंग माय निंगून गेली," मी म्हटलं. गिरजामावशीच्या आवाजात म्हणायला गेले, जमलं नाही.

थांबले. दुर्पता उशीर करायची तेवढी थांबले. पदर खोचायला लागे तेवढी, पेंडी खळबळून धुवायला लागे तेवढी, आभाळाकडे पाहायला लागे तेवढी.

मग म्हटलं. ओरडून नाही, ती म्हणायची तसं.

"नाही गेली. इथंच हाये. तिची ओळ राहिली."

तेवढंच होतं. खाटेपाशी बसून एका श्वासात म्हणता आलं असतं.

पाळीपलीकडे कोणाचं तरी पाण्याचं इंजिन चालू होतं. माझ्या पायामुळं ढवळलेलं पाणी हळूहळू निवळत आलं आणि त्यात दगडाची काळी सावली पुन्हा जागेवर आली. मी वाट पाहत उभी राहिले. हो व माय, तुयंच खरं, असं म्हणणारं तिथं कोणी नव्हतं.